बुद्धिगुणांक उतरला, मग टिकलं काय?

माझ्या संशोधन आराखड्याच्या सादरीकरणात एक साधा प्रश्न आला आणि माझी बोलतीच बंद झाली. विषय होता शाळेत सामाजिक-भावनिक कौशल्यं शिकवण्याचे फायदे. रचना आपल्याकडे नेहमी असते तीच. दोन तुकड्या, एक प्रायोगिक गट, एक नियंत्रित गट, वीस तासिकांचा कार्यक्रम, आधी पूर्वचाचणी, शेवटी उत्तरचाचणी, मग टी-मूल्य. आश्रयी चल म्हणून मी शैक्षणिक संपादणूक लिहिली होती. समितीतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी विचारलं, "महिनाभराने गुणांत फरक दिसला नाही, तर फायदा नाही असं लिहिणार का?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग पेरी वाच आधी."

पेरीबद्दल मी ऐकलं होतं. एम.एड.ला बालशिक्षणाच्या पेपरात दोन ओळी असतात, नेट-सेटच्या गाइडमध्ये एक बहुपर्यायी प्रश्न असतो. पण मूळ अहवाल आणि त्यानंतरचे लेख ओळीने वाचले तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट बालवाडीची कमी आणि मोजमापाची जास्त आहे. म्हणून ती सविस्तर लिहिते आहे. तुमच्यापैकी जे पेट देऊन कोर्सवर्कला लागले आहेत त्यांच्या ती जास्त कामाची.

अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळ इप्सिलांटी नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात या गावाच्या शेजारी बॉम्बर विमानांचा मोठा कारखाना उभा राहिला. दक्षिणेकडून कामाच्या शोधात आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं इथे स्थिरावली. १९५० च्या दशकाच्या शेवटी डेव्हिड वायकार्ट हे तिथल्या शाळांच्या विशेष सेवा विभागाचे प्रमुख झाले. त्यांना दिसलं की कृष्णवर्णीय वस्तीतली मुलं एका ठरावीक शाळेत जातात, वर्षानुवर्षं मागे पडतात, नापास होतात, शाळा सोडतात. त्यांनी मुख्याध्यापकांपुढे आकडे मांडले, शाळांची शिकवण्याची पद्धत बदलायला हवी असं सुचवलं. मुख्याध्यापकांना ते रुचलं नाही. शाळेच्या आत हात घालता येईना, तेव्हा वायकार्टनी शाळेच्या आधीचं वय धरलं. तीन-चार वर्षांच्या मुलांवर कुठल्याच मुख्याध्यापकाचा अधिकार चालत नव्हता. म्हणजे जगातला सगळ्यात गाजलेला बालशिक्षण-प्रयोग उभा राहिला तो थोडा नाइलाजातून. पेरी प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक यूजीन बीटी यांनी मात्र साथ दिली आणि १९६२ मध्ये वर्ग सुरू झाला.

तेव्हाचे काही तज्ज्ञ म्हणत होते की इतक्या लहान मुलांना शाळेत बसवणं त्यांना बाधेल. आज हसू येतं, पण त्यांच्या शंकेनेच प्रयोगाची रचना घट्ट झाली. फायदा होतो की नुकसान, हे खरंच कुणाला माहीत नव्हतं. मग दोन गट करून बघणं हाच प्रामाणिक मार्ग उरला.

वस्तीत घरोघर फिरून मुलं शोधली. गरीब घरातली, बुद्धिगुणांक ७० ते ८५ च्या दरम्यान आलेली. (त्या काळच्या कागदांत या मुलांसाठी जे शब्द वापरलेत ते आज वाचवत नाहीत.) १९६२ ते १९६७ या काळात पाच तुकड्या मिळून १२३ मुलं झाली, ७२ मुलगे आणि ५१ मुली. त्यांतली ५८ कार्यक्रमात आली, ६५ नियंत्रित गटात राहिली. रोज सकाळी अडीच तास वर्ग, ऑक्टोबर ते मे, बहुतेकांसाठी दोन वर्षं. साधारण सहा मुलांमागे एक शिक्षिका. आणि दर आठवड्याला शिक्षिका मुलाच्या घरी जाऊन आईसोबत दीड तास बसायची.

वर्गात काय चालायचं हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिथे भावनांची तासिका नव्हती. 'राग आल्यावर काय करावं' असा तक्ता भिंतीवर नव्हता. उद्देश बुद्धी वाढवण्याचा होता आणि सैद्धांतिक पाया मुख्यतः पियाजेचा होता. पण दिवसाचा कणा म्हणून जी पद्धत हळूहळू रुळली तिची तीन पावलं होती: ठरव, कर, आठव. मुलाने आधी सांगायचं, आज मी काय करणार, कुणासोबत. मग ते करायचं. मग सगळ्यांसमोर बसून सांगायचं की काय झालं, काय जमलं नाही. तीन वर्षांच्या मुलाने स्वतः बोललेल्या गोष्टीला अर्धा तास धरून राहणं, मध्ये दुसऱ्याने ठोकळे ओढले तरी कामावर परत येणं, आणि दुसरा सांगत असताना गप्प बसून ऐकणं. आज आपण ज्याला स्वनियमन म्हणतो, त्याचा हा रोजचा रियाज होता. नाव मात्र कुणी दिलं नव्हतं. भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द संशोधनात रुळायला अजून पंचवीस-तीस वर्षं होती.

सुरुवातीचे निकाल दणदणीत लागले. पाचव्या वर्षी कार्यक्रमातल्या ६७ टक्के मुलांचा बुद्धिगुणांक ९० किंवा त्याहून जास्त आला, नियंत्रित गटात फक्त २८ टक्क्यांचा. असा आलेख माझ्या हाती आला असता तर मी शोधप्रबंध बांधायला टाकला असता.

पण मुलं पहिलीत गेली, दुसरीत गेली आणि दोन गटांतलं अंतर आटत गेलं. आठव्या वर्षापर्यंत बुद्धिगुणांकात फरक म्हणावा असा राहिला नाही.

याच सुमारास देशपातळीवरही वारं फिरत होतं. १९६५ मध्ये सरकारने हेड स्टार्ट नावाचा प्रचंड कार्यक्रम गरीब मुलांसाठी सुरू केला होता आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाच लाखांहून जास्त मुलं त्यात आली होती. १९६९ मध्ये वेस्टिंगहाउस अहवाल आला: हेड स्टार्टचा फायदा प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच विरून जातो. त्याच वर्षी आर्थर जेन्सन यांनी हार्वर्डच्या शैक्षणिक नियतकालिकात दीर्घ लेख लिहून असे उपाय फसल्याचं म्हटलं आणि कारणांचा रोख आनुवंशिकतेकडे वळवला. या वादाचं ओझं केवळ पुस्तकी नव्हतं. 'या मुलांवर खर्च करून उपयोग नाही' असं म्हणायला आता आकड्यांचा आधार मिळाला होता. आणि आकडे खोटे नव्हते. बुद्धिगुणांकातली वाढ खरंच उतरली होती. चूक होती ती फायदा म्हणजे बुद्धिगुणांक असं गृहीत धरण्यात.

इथे पेरीच्या लोकांनी जे केलं त्यासाठी मला त्यांना दंडवत घालावासा वाटतो. त्यांनी फाइल बंद केली नाही. तीन ते अकरा वयापर्यंत दर वर्षी, मग १४, १५, १९, २७ आणि ४० व्या वर्षी ते या १२३ जणांकडे पुन्हा पुन्हा गेले. चाळिसाव्या वर्षीच्या पाहणीत हयात असलेल्यांपैकी ९७ टक्के लोकांच्या मुलाखती मिळाल्या. आपल्याकडे सहा महिन्यांनी पुन्हा गेलं तर निम्मे पालक फोन उचलत नाहीत, म्हणून या आकड्याची किंमत मला कळते.

आणि काय सापडलं? चौदाव्या वर्षी मूलभूत संपादणुकीची पातळी गाठणारे कार्यक्रमातले ४९ टक्के, दुसऱ्या गटातले १५ टक्के. पंधराव्या वर्षी गृहपाठ करणारे ६१ विरुद्ध ३८ टक्के. नियमित शालान्त शिक्षण पूर्ण करणारे ६५ विरुद्ध ४५. चाळिसाव्या वर्षी वर्षाला २० हजार डॉलरपेक्षा जास्त कमावणारे ६० विरुद्ध ४०. तोपर्यंत पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले ३६ टक्के विरुद्ध ५५ टक्के.

शेवटची जोडी पुन्हा वाचा. कार्यक्रमात आलेल्यांतसुद्धा तिघांपैकी एकाहून जास्त जण पाच वेळा पकडले गेले होते. जादू वगैरे काही झालेली नव्हती. गरिबी, वंशभेद, पोलिसांची नजर हे सगळं होतं तिथेच होतं. त्यातल्या त्यात काही जण निसटले, एवढंच. पण ते एवढंच किती मोठं आहे, हे तुरुंगात भाऊ असलेल्या कुणाही घराला विचारा.

आता संशोधकापुढचा पेच बघा. बुद्धिगुणांक सारखे झाले, तरी आयुष्यं वेगळी झाली. म्हणजे मध्ये काहीतरी टिकलं होतं आणि मोजणारे ते बुद्धीच्या पट्टीवर शोधत होते. उत्तर जुन्या कागदांतच पडून होतं. १९६० च्या दशकात वर्गशिक्षकांकडून प्रत्येक मुलाच्या वर्तनाची एक पदनिश्चयन श्रेणी भरून घेतली होती. अगदी साधी विधानं: वर्गाचं काम बिघडवतो, चोरी करतो, खोटं बोलतो किंवा नक्कल करतो, बरोबरच्यांना मारतो, शिव्या देतो. दुसऱ्या बाजूला: स्वतःहून पुढाकार घेतो, अभ्यासात रस दाखवतो, अवघड वाटलं की लगेच सोडून देतो. त्या काळी हा सगळा दुय्यम माल होता. मुख्य आकर्षण बुद्धिगुणांक.

अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी जेम्स हेकमन आणि त्यांचे सहकारी रॉड्रिगो पिंटो, पीटर सावेल्येव यांनी २०१३ मध्ये ही जुनी पदनिश्चयनं पुन्हा उघडली. सात ते नऊ या वयातली नोंद घेऊन त्यांनी मध्यस्थ चलाचं विश्लेषण केलं. मध्यस्थ चल म्हणजे काय हे कोर्सवर्कमध्ये नीट कळत नाही, म्हणून सोपं उदाहरण देते. विहीर खोदली आणि गावाचं उत्पन्न वाढलं. पण उत्पन्न विहिरीतून उडी मारून येत नाही. पाणी, दुसरं पीक, भाजी, बाजार अशी वाट असते. एकूण वाढीतला किती वाटा कुठल्या वाटेने आला हे वेगळं काढायचं, तर प्रत्येक टप्प्याची नोंद हवी. हेकमन यांना दिसलं की मुलग्यांच्या बुद्धिगुणांकावर टिकाऊ परिणाम जवळपास नव्हता. गुन्हेगारी घटण्यातला मोठा वाटा गेला होता दांडगाई, खोटं बोलणं, वर्गात गोंधळ घालणं हे लहान वयात कमी होण्याच्या वाटेने. मुलींच्या बाबतीत शिकण्याची ओढ वाढली होती आणि पुढच्या काही फायद्यांची वाट तिथून जात होती. ठरव, कर, आठव.

'एका डॉलरला १६ डॉलर' हा आकडा तुम्ही कुठल्या ना कुठल्या भाषणात ऐकला असेल. तो चाळिसाव्या वर्षीच्या अहवालातून आला आहे. हेकमन यांच्याच गटाने २०१० मध्ये हिशेब पुन्हा मांडला तेव्हा परताव्याचा दर वर्षाला साधारण ७ ते १० टक्के आला. आकर्षक आकडा १६ चा असल्यामुळे लोक तोच सांगतात. निदान तुम्ही शोधप्रबंधात दोन्ही लिहा.

पेरीच्या रचनेत दोषही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गट छापा-काट्याने ठरले खरे, पण त्यानंतर काही मुलं इकडची तिकडे केली. आई नोकरीला जात असेल तर घरभेटी जमत नाहीत, म्हणून अशी काही मुलं नियंत्रित गटात टाकली. धाकटं भावंड थोरल्याच्याच गटात ठेवलं. वागायला हे शहाणपणाचंच, पण यादृच्छिकतेला त्याने तडा जातो आणि पुढच्या विश्लेषकांना त्याची दुरुस्ती करत बसावं लागलं. शिवाय १२३ हा आकडा लहान. एका गावातली, एका काळातली, एका समाजातली मुलं. यावरून साताऱ्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेबद्दल काही सिद्ध होत नाही.

मग मोठ्या संख्येचं काय? १९९४ मध्ये अमेरिकेत कासेल ही संस्था स्थापन झाली आणि सामाजिक-भावनिक अध्ययन हे नाव रुळलं. २०११ मध्ये जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांचं मेटा-विश्लेषण आलं: २१३ कार्यक्रम, २,७०,०३४ विद्यार्थी. कौशल्यं सुधारली, वर्तन सुधारलं, ताण कमी झाला आणि संपादणूक ११ पर्सेंटाइलने वाढली. या ११ चा अर्थ ११ गुण असा सर्रास लावला जातो. अर्थ असा आहे की बरोबर मध्यावर असलेलं मूल ५० वरून ६१ व्या पर्सेंटाइलला पोचेल. आणि अजून एक. २१३ पैकी संपादणूक मोजली होती फक्त ३५ अभ्यासांनी. सहा महिन्यांनंतर पुन्हा जाऊन संपादणूक मोजणारे तर आठच. पेरीने चाळीस वर्षं वाट पाहिली, या क्षेत्रातल्या बहुतेकांनी सहा महिनेही नाही.

आणि फायदा दर वेळी होतोच असंही नाही. ब्रिटनमध्ये ८४ शाळांत, आठ हजारांहून जास्त मुलांवर सजगतेच्या प्रशिक्षणाची चाचणी झाली. ११ ते १४ वयाची मुलं, शिक्षकांनाही रीतसर तयार केलेलं. २०२२ मध्ये निकाल आले: नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा काही जास्त फायदा नाही. बरीच मुलं घरी सराव करतच नव्हती. भावनांबद्दल शिकवणं आणि दिवसच असा रचणं की त्या सांभाळाव्या लागतील, या दोन गोष्टी वेगळ्या असाव्यात असं मला वाटू लागलं आहे. हे अजून माझं मत आहे, निष्कर्ष नाही.

पेरीचे कागद वाचताना मला सारखं कोसबाड आठवत होतं. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. आंघोळ, गाणी, खेळ, गटात बसणं, एकमेकांना सांभाळणं. इप्सिलांटीत पहिला वर्ग भरला त्याच १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. अंगणवाडी हा शब्द पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेला. 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचलं की मुलं कशी बदलत गेली ते दिसतं, 'शिक्षणपत्रिके'चे जुने अंक चाळले तर विचार किती पुढचा होता ते दिसतं. पण वारली मुलांपैकी कोण पुढे काय झालं याची पेरीसारखी सलग तुलना मला मिळालेली नाही. दोष त्यांचा नाही. मुलं उपाशी असताना नियंत्रित गट करा असं कोण म्हणेल? पेरीच्या त्या ६५ मुलांचंही हेच आहे. त्यांना वर्ग मिळाला नाही म्हणूनच आपल्याला फायदा कळला.

२०१९ मध्ये हेकमन आणि गणेश करपाकुला यांनी पन्नाशी ओलांडलेल्या त्याच लोकांवर पुढचा अभ्यास मांडला. या वेळी त्यांच्या मुलांचीही माहिती घेतली. कार्यक्रमात आलेल्यांची मुलं शाळेतून निलंबित न होता शिक्षण पूर्ण करण्याचं, नोकरीत असण्याचं प्रमाण जास्त निघालं. ही पुढची पिढी कुठल्याच वायकार्टच्या वर्गात बसली नव्हती.

मी आराखडा बदलला. संपादणूक ठेवली, पण बाजूला वर्गशिक्षकांची वर्तन-पदनिश्चयन श्रेणी आली, सलग तीन सत्रांसाठी, आणि दोन वर्षांनी पुन्हा एक फेरी. परवानगी मागायला शाळेत गेले तर मुख्याध्यापक सर कागद वाचून म्हणाले, "दोन वर्षांनी येशील, पण मुलं इथे असतील कशावरून? दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊसतोडीला." कुणी आजीपाशी राहतं, कुणी हंगामी वसतिगृहात, बाकीची कारखान्यावर. मुलांची यादी माझ्याकडे आहे. सध्या पालकांची संमती घेऊन त्यांच्या मोबाइलसोबत मुकादमाचाही नंबर लिहून घेते आहे.